जहाज

नांदेडची शेवटची पॅसेंजर गेली,
शटर मी गुडघ्यापर्यंत ओढलं.
काउंटरवर कुणाचा तरी फोन पोट उघडून पडलेला,
सोल्डरिंग गन अजून गरम.
गिऱ्हाइकाचे हेडफोन, डावा कान मेलेला,
तो नुकताच जिवंत केला होता.
काहीतरी लावून बघावं म्हणून
तीच लावली.

नाव कुणालाच माहीत नव्हतं तिचं.
लोबो गार्डाची तबकडी, एवढंच.
रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये रविवारी
कॅरमच्या टेबलामागं वाजायची.
कव्हरवर काळ्या कोटातली तीसेक माणसं,
काहींच्या हातात पितळ,
काहींच्या हनुवटीखाली व्हायोलिन.
बा खिडकीबाहेर.
आत येऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं,
ये असंही नाही.

लोबो म्हणायचा, जॅझ.
बाला ऐकू आलं, जहाज.

गजांतून जेवढं बाहेर आलं
तेवढं बानं क्लॅरिनेटमध्ये भरून घेतलं
आणि त्या उन्हाळ्यापासून
ताडकळस, चुडावा, पार वसमतपर्यंत
समुद्र न पाहिलेली माणसं
वरातीपुढं येऊन सांगू लागली,
'मास्तर, जहाज होऊन जाऊ द्या.'

तिसऱ्या चालीत चरा होता.
सुई तिथं उडायची,
गडी बांधावरून उडतो तशी,
पलीकडं पडायची, पुढं चालायची.
बाला वाटलं चालच तशी आहे.
उडीखालचा खड्डा बुजवायला
ढोलावरचा मेहताब एक जादा ठोका टाकायचा,
आणि पोरं नेमकी त्याच ठोक्याला
टाच आपटायची. धुरळा.
चाळीस वर्षं.

मीटरगेज उखडलं तेव्हा लोबो गेला,
तबकडी घेऊन गेला.
मागं राहिला बाच्या रीडच्या डबीत
कव्हरवरून उतरवून घेतलेला एक नंबर.
त्या नंबरानंच सापडली मला.
मूळ फितीवरून धुऊनपुसून काढलीय म्हणे,
खरखर नाही, भाजल्या शेंगांचा तडतडाट नाही.
रूळच रुंद केलेत जसे.
कुणाची तरी खुर्ची करकरते,
कागद उलटतो,
आणि क्लॅरिनेटवाला वाजवण्याआधी
श्वास घेतो,
अर्धा नाकातून, अर्धा ओठाच्या कोपऱ्यातून.
हा श्वास मी घरात ऐकलाय.

मग तिसरी चाल.
उडी आलीच नाही.
त्या जागी अकरा सेकंद.
तीनदा मोजले.
व्हायोलिनं खाली बसतात, पितळ गप्प होतं,
क्लॅरिनेट एकटं जिना चढतं
आणि वर कुणीच नसल्यासारखं थांबतं.
बाचीच जागा ही,
आणि त्याला पत्ता नाही.

घरी गेलो. जागाच होता.
'काय ऐकायलास रे?'
दात गेलेत, फुंकर सुटते,
ढोलाशेजारी चालून डावा कान गेलेला,
म्हणजे त्याला वाद्यवृंद अर्धाच.
तरी हेडफोन चढवले.
बाजेच्या माचव्यावर बोटं सुरू झाली.
तिसऱ्या चालीत, त्या ठिकाणी,
बोटं उचलली गेली ती हवेतच राहिली,
अकरा सेकंद,
आणि मग पलीकडच्या काठावर बरोबर उतरली.

बराच वेळ काही बोलला नाही.
'चुकलंय त्यांचं,' म्हणाला.
'इथं ठोका पायजे.'

मी हेडफोन काढायला गेलो
तर हात धरला माझा.

सकाळी गिऱ्हाईक शटर उघडायच्या आधीच दारात.
डावा कान झाला का चालू?
म्हटलं, झालाय,
पण उद्या या.